थकलेलं होमलोन आणि 'सेटल करून देतो' वाले: तुमचे प्रश्न

लोकलच्या दाराशेजारी 'बाबा बंगाली'चं स्टिकर असतं ना, त्याच्या बाजूला हल्ली एक नवीन स्टिकर दिसतं. पिवळा कागद, लाल अक्षरं, 'बँकेची नोटीस? घर जप्ती? १०० टक्के स्टे, कर्ज निम्म्यात सेटल.' खाली दोन मोबाइल नंबर, त्यातला एक कुणीतरी नखाने खरवडून काढलेला. तो खरवडणारा कोण असेल याचा मला अंदाज आहे, कारण तसे लोक दर आठवड्याला माझ्याकडे येतात.

मी २६ वर्षं एका बँकेच्या वसुली खात्यात काढली. तुम्हाला ज्या नोटिसा येतात त्या तयार करणाऱ्या टेबलावर. रिटायर झाल्यापासून टेबलाच्या अलीकडे बसते आणि लोकांची पाकिटं उघडून वाचून देते. मी वकील नाही, हे आधीच सांगते, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते वाचून वकिलाकडे जायचंय, वकिलाऐवजी नाही. उत्तरं एकदाच लिहून टाकतेय कारण तेच तेच प्रश्न येतायत, फक्त एजंटचं नाव बदलतं.

प्रश्न: इन्स्टावर रील बघितलं की आरबीआयच्या नवीन नियमाने होमलोन माफ होतं, 'ऋणमाफी सर्टिफिकेट' घ्यायचं आणि बँकेत नेऊन द्यायचं, फी ११,००० रुपये. खरं आहे का? (भांडुप)

नाही. असं कुठलंही सर्टिफिकेट अस्तित्वात नाही, आणि रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ ला स्वतः प्रेस रिलीज काढून सांगितलंय की कर्जमाफीची सर्टिफिकेटं देतो म्हणून सर्व्हिस फी, लीगल फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा, पोलिसांना कळवा. ते ११,००० होमलोनच्या हप्त्यात भरा.

प्रश्न: दोन ईएमआय बाऊन्स झाले. मिस्टरांचा पगार तीन महिने झालाच नाही. सोसायटीत एक काका म्हणतात आता बँक कुलूप लावणार, दुसरे म्हणतात तीन वर्षं काही करत नाही. नक्की काय? (डोंबिवली)

दोन्ही काकांना नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकणं बंद करा.

हप्ता चुकल्यापासून ९० दिवस उलटून गेले की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्याच्या आधी बँकेत त्याला एसएमए म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं, ३० दिवसांपर्यंत शून्य, ६० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन. तुम्ही आत्ता एक किंवा दोनमध्ये असाल. म्हणजे अजून खातं 'आजारी' आहे, आणि या काळात बँकवाला तुमच्याशी माणसासारखं बोलतो कारण एनपीए झालेला त्यालाही नको असतो, त्याच्या ब्रँचचे आकडे बिघडतात. नंतर हाच माणूस म्हणेल 'मॅडम आता फाइल रिकव्हरीला गेली, माझ्या हातात काही नाही', आणि ते खरं असेल.

म्हणून उद्याच ब्रँचला जा. तोंडी नको, लेखी द्या, पगार का थांबला, कधी सुरू होईल, आत्ता किती भरू शकता. मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, काही महिने सवलत मिळते का, असं स्पष्ट विचारा. मुदत वाढवली तर एकूण व्याज वाढतं आणि रिस्ट्रक्चर झालं तर त्याची नोंद सिबिलला जाते, फुकट काहीच नाही, पण घर राहतं. आणि बाऊन्स होतंय म्हणून कंटाळून ऑटो डेबिट बंद करू नका, चेक बाऊन्सच्या गुन्ह्याचं जे कलम १३८, तशीच तरतूद ऑटो डेबिट बाऊन्सलाही आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५.

एक गैरसमज इथेच मोडते. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते परत रेग्युलर होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्टच केलंय. त्यामुळे 'अधूनमधून पाच हजार टाकत राहा, काही होत नाही' हा सल्ला देणाऱ्याला विचारा, तुझ्या घरावर टाकायचे का? आणि मोबाइल ॲपवरून कर्ज घेऊन होमलोनचा हप्ता भरायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

प्रश्न: रिकव्हरीवाला रात्री नऊला येतो आणि पॅसेजमध्ये मोठ्याने बोलतो म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल. (कांदिवली)

सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोनही करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं सर्क्युलर आहे. तारीख, वेळ, माणसाचं नाव लिहून बँकेला ईमेल करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालकडे तक्रार करा, तिथे फी लागत नाही. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे. धमकी दिली, हात लावला तर सरळ पोलीस स्टेशन. पण तो त्रास देतो म्हणून हप्ता द्यायचा नाही, असं गणित मांडू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न: सात हप्ते थकले. बँकेची १३(२) ची नोटीस आली. एका कन्सल्टंटला ६५,००० दिले, ओरिजिनल नोटीसही त्यानेच घेतली. तो म्हणाला बँकेचा फोन उचलायचा नाही, बँकेत जायचं नाही, केस वीक होते, मी सिटी सिव्हिल कोर्टातून स्टे आणतो. दीड महिना झाला, खरंच बँकेचं कुणी आलं नाही, म्हणजे स्टे मिळाला असेल ना? आता फोन केला की 'सर कोर्टात आहेत' एवढंच सांगतात. वाट बघू का? (परळ)

नाही, वाट बघू नका. आणि ताई, हे उत्तर लांब होणार आहे, कारण माझं डोकं ज्या एका गोष्टीने फिरतं ती तुम्ही नेमकी लिहिलीय: 'दीड महिना कुणी आलं नाही.'

कुणी आलं नाही कारण कायद्यानेच बँकेला थांबायला सांगितलंय! २००२ चा सरफेसी कायदा म्हणजे कोर्टात दावा न लावता बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा, त्यात कलम १३(२) ची नोटीस म्हणजे, एवढे पैसे ६० दिवसांत भरा. ते ६० दिवस संपेपर्यंत बँक तुमच्या दाराला हातही लावू शकत नाही. मग तुमच्या कन्सल्टंटने काय केलं? काहीही नाही. फुकटात मिळालेली ही शांतता त्याने तुम्हाला 'स्टे' म्हणून ६५,००० ला विकली. हा सगळा धंदा या दोन महिन्यांच्या शांततेवर चालतो, त्याला कोर्टात जावं लागत नाही, कागद करावा लागत नाही, फक्त तुम्ही बँकेशी बोलायचं नाही एवढंच त्याला सांभाळावं लागतं, कारण बँकेत गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत कळेल की कुठलाही स्टे नाही.

आणि सिटी सिव्हिल कोर्ट? सरफेसीच्या कलम ३४ ने दिवाणी कोर्टाला यात मज्जावच केलाय. दाद मागायची ती डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात. मुंबईत तीन डीआरटी आहेत, तुमचं प्रकरण कुठल्या डीआरटीत जाईल ते वकील सांगेल. ज्याला हे माहीत नाही तो लीगल कन्सल्टंट नाही आणि ज्याला माहीत असून तो सिव्हिल कोर्ट म्हणतोय तो काय आहे ते मी इथे लिहीत नाही.

आता दिवस मोजा, कॅलेंडर घेऊन बसा. नोटीसवरची तारीख एक आणि पाकीट तुमच्या हातात पडलं ती तारीख दुसरी, दोन्ही लिहा. पाकीटसुद्धा जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. लोक नोटीस ठेवतात आणि पाकीट रद्दीत टाकतात, मला तर कधी कधी वाटतं पाकीट फ्रेम करून लावा. त्या ६० दिवसांत तुम्हाला बँकेला लेखी हरकत देता येते, कलम १३(३अ), रक्कम चुकीची आहे, भरलेले हप्ते धरले नाहीत, दंड जास्त लावलाय, जे काही असेल ते. आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावंच लागतं. हे तुम्ही स्वतः करू शकता, साध्या कागदावर, पण वकिलाला दाखवून केलंत तर बरं कारण आज लिहिलेलं वाक्य पुढे डीआरटीत वाचलं जातं. कर्जाचा मोठा भाग फिटलेला असेल तर तेही वकिलाला पहिल्यांदा सांगा, येणं बाकी मूळ रक्कम आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा कायदा लागूच होत नाही.

६० दिवस संपले की कलम १३(४), म्हणजे ताबा. दारावर ताबा नोटीस चिकटते आणि सात दिवसांत दोन पेपरात छापून येते, त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला. याला सिंबॉलिक पझेशन म्हणतात, तुम्ही घरातच असता, म्हणून लोकांना परत वाटतं काही झालं नाही. झालंय. इथून डीआरटीत जायला ४५ दिवस. मग बँक किल्ला कोर्टातून, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडून, कलम १४ ची ऑर्डर आणते आणि पोलीस घेऊन येते, तो खरा ताबा. लिलावाची नोटीस निघते, पहिल्या वेळेला किमान ३० दिवसांची. आणि ही लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की सगळे पैसे भरून घर सोडवायचा तुमचा हक्कसुद्धा संपतो, २०१६ ची दुरुस्ती आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. पूर्वी लोक हातोडा पडायच्या आदल्या दिवशी गावची जमीन विकून पैसे घेऊन यायचे आणि घर वाचायचं. आता चालत नाही.

तर तुमचे ४५ दिवस गेले, १५ राहिले, कदाचित कमीच. ६५,००० गेले त्याचं वाईट वाटतं पण ते पुन्हा कमावता येतील, हे ४५ दिवस कुठून आणणार?

चिडले असेन तर माफ करा. माझ्या धाकट्या दिराच्या घरी मी गणपतीला गेले होते, तर पाटाखाली घालायला जुनं कॅलेंडर काढलं आणि त्याच्यामागून तीन पाकिटं पडली, तिन्ही न उघडलेली. वहिनी घरात वसुली खात्यातच आहे, आणि ह्याला मला सांगायची लाज वाटली, आणि एका माणसाने त्याला सांगितलं होतं की पाकीट उघडलं नाही तर नोटीस मिळालीच नाही असं म्हणता येतं. बदलापूरचा फ्लॅट होता. गेला. न उघडलेलं पाकीटसुद्धा मिळालेलंच धरू शकतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि मी सांगेपर्यंत लिलाव होऊन गेला होता.

आणखी एक बाई आल्या होत्या, पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद काढला, म्हणाल्या हा बघा स्टे. मी बघितलं, कन्सल्टंटनेच बँकेला लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र, 'कारवाई थांबवावी ही विनंती', आणि खाली बँकेच्या इनवर्ड काउंटरचा गोल निळा शिक्का. तो शिक्का फक्त 'कागद पोचला' एवढंच सांगतो. त्या काउंटरवर तुम्ही चहाचं बिल दिलंत तरी त्याच्यावर मारतील. खऱ्या ऑर्डरवर डीआरटीचं नाव, केस नंबर, तारीख असते आणि तो नंबर ऑनलाइन तपासता येतो.

तुम्ही काय करायचं: त्या माणसाकडून ओरिजिनल नोटीस परत घ्या, देत नसेल तर बँकेत जाऊन कॉपी मागा. बँकेतच विचारा की आमच्या बाजूने काही अर्ज, हरकत, केस आली आहे का. डीआरटीत नेहमी उभा राहणारा वकील गाठा, मालमत्तेचे ॲग्रीमेंट करणारा किंवा घटस्फोटाचा नको, त्याचा दोष नाही पण हे त्याचं काम नाही. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर अर्ज तुम्ही करा. हे सगळं या आठवड्यात.

प्रश्न: आमचं कर्ज नागरी सहकारी बँकेचं आहे. एजंट म्हणतो सरफेसी फक्त मोठ्या बँकांना, सहकारीला लागूच नाही. (गिरगाव)

लागू आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये तो वाद संपवला, तुमचा एजंट अजून त्याच्या आधीच्या काळात राहतोय. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, पण तिथेही नोटीसला उत्तर द्यायचंच असतं. कागद नेऊन दाखवा कुणालातरी.

प्रश्न: ओळखीतले एक इन्व्हेस्टर आहेत, एरियात मान आहे, सगळ्यांच्या मदतीला धावतात. ते म्हणतात फ्लॅट माझ्या नावावर करून द्या, बँकेचे मी फेडतो, तुम्ही तिथेच भाड्याने राहा, तीन वर्षांनी त्याच भावात परत करतो. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून लिहून द्यायला तयार आहेत. घराण्याची अब्रू वाचते, कुणाला कळतही नाही. करावं का? (विक्रोळी)

करू नका. 'कुणाला कळतही नाही' याच वाक्यात तो तुम्हाला धरतोय.

कागद कुठले होणार ते बघा. फ्लॅट त्याच्या नावावर, तो दस्त सबरजिस्ट्रारकडे रजिस्टर होणार, अंगठा, फोटो, सगळं. परत द्यायचं वचन मात्र नोटरीच्या कागदावर, तुमच्या कपाटात. भांडण झालं तर कुठला कागद उभा राहील? मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५८(क) मध्ये लिहिलंय की विक्रीला 'पैसे परत केले की घर परत' अशी अट असेल आणि त्याला गहाण म्हणवून घ्यायचं असेल तर ती अट त्याच दस्तात हवी. वेगळ्या कागदावर लिहिलेली अट गहाण ठरवायला चालत नाही. सरळ विक्री. तो इन्व्हेस्टर हे जाणतो, म्हणूनच वेगळा स्टॅम्प पेपर.

मग लिव्ह अँड लायसन्स. स्वतःच्या घरात तुम्ही लायसन्सी झालात. मुदत संपली आणि निघाला नाहीत तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली तुम्हाला काढायची सोय आहे आणि तोवर भाडं दुप्पट. ज्या घरात तुमची मुलं मोठी झाली तिथून काढायला त्याला बँकेपेक्षा कमी वेळ लागेल.

आणि त्याने बँकेचे फेडलेच नाहीत तर? कर्ज तुमच्याच नावावर आहे, हप्ते चुकले तर सिबिल तुमचं, नोटीस तुम्हाला. घर गहाण आहे, बँकेच्या परवानगीशिवाय ते विकताच येत नाही, हे त्याने सांगितलं का? आणि विक्रीऐवजी 'पॉवर ऑफ ॲटर्नी द्या, तेवढं पुरे' म्हणाला तर अजून सावध व्हा, नुसत्या पॉवरवर मालकी जात नाही असं सुप्रीम कोर्टाने २०११ लाच सांगितलंय, पण त्या पॉवरवर तो पुढच्या कुणाला काय दाखवेल ते तुम्ही निस्तरत बसाल.

घर खरंच झेपत नसेल तर विका. यात कमीपणा काही नाही. पण उजेडात विका: बँकेला लेखी कळवा, थकबाकीचं पत्र घ्या, खरेदीदाराचा चेक थेट लोन अकाउंटला, उरलेले तुमच्या खात्यात. लिलावात जो भाव येतो त्यापेक्षा तुम्ही स्वतः विकलंत तर बहुतेक वेळा जास्तच येतो, बँकेलाही लिलावाचा खटाटोप नको असतो. कुणी व्याजाने पैसे देऊन आधीच घर लिहून घेतलं असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि चौकशी होऊन मालमत्ता परत मिळायची तरतूद आहे. पण आधी वकील, मग तक्रार, कारण तक्रारीतलं पहिलं वाक्यच चुकलं की पुढचं सगळं वाकडं जातं.

प्रश्न: एजंट बँकेकडून ४० टक्क्यांत ओटीएस, म्हणजे वन टाइम सेटलमेंट, आणून देतो म्हणतो, 'आपला माणूस हेड ऑफिसला आहे'. २ टक्के आधी. (चेंबूर)

हेड ऑफिसला आपला माणूस मीच होते, आणि माझ्याकडे कुठल्याही एजंटची वट चालली नाही. ओटीएस तुम्ही स्वतः मागू शकता, अर्जाला फी नाही. पण तो तुमचा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये तसं सांगितलंय, बँकेने नाही म्हटलं तर नाही. विकून पैसे येतील असा फ्लॅट गहाण असताना बँक ६० टक्के का सोडेल, याचाही जरा विचार करा. मिळालीच तर पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, रक्कम आणि शेवटची तारीख लिहिलेली, ते ब्रँचमधून खरं आहे का ते तपासायचं, आणि पैसे फक्त लोन अकाउंटला, कुणाच्या गुगल पेला नाही. सिबिलवर 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, त्याने पुढचं कर्ज अवघड होतं. पूर्ण फिटल्यावर ओरिजिनल कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तारीख संभाळता येईल का ते सीएकडे बसून आधी बघा, एक दिवस उशीर झाला तरी ओटीएस मोडू शकतं.

प्रश्न: १५,००० मध्ये सिबिल क्लीन करून मिळतं का?

नाही. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट आहे, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हालाच मिळते.

प्रश्न: मी फक्त मेव्हण्याचा गॅरंटर आहे. मला नोटीस का? (मुलुंड)

'फक्त' असं काही नसतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जबाबदारी त्याच्याइतकीच. ६० दिवस तुमचेही चालू आहेत. वकील.

प्रश्न: मोठी बहीण न्यू जर्सीला असते. भावोजींची नोकरी गेली, मॉर्गेज थकलं. तिथल्या एका आपल्याच देशी माणसाने ३,००० डॉलर आधी मागितलेत, म्हणतो 'लोन ऑडिट' करून बँकेला नमवतो, आणि हप्ते बँकेला न देता त्याच्याकडे द्यायचे. तुमच्याकडे येतं तसंच वाटलं म्हणून विचारते. (दादर)

तसंच आहे, फक्त डॉलरमध्ये. तिथला कायदा माझा विषय नाही, पण एवढं नक्की की २००८ च्या घरकर्ज संकटानंतर असे लोक तिथे इतके माजले की फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये खास नियमच काढला: बँकेने कर्जात बदलाची लेखी ऑफर दिली आणि ग्राहकाने ती मान्य केली, त्याच्याआधी अशा मध्यस्थाने एक पैसाही घ्यायचा नाही. वकिलांना काही अटींवर सूट आहे, म्हणून 'मी वकिलाच्या ऑफिसातून बोलतोय' हा तिथला लाडका डायलॉग. हप्ते दुसऱ्याकडे द्या म्हणणारा आणि आधी पैसे मागणारा, दोन्ही एकाच माणसात आहेत, मग अजून काय बघायचं राहिलं. घरकुल खात्याने, म्हणजे तिथल्या एचयूडीने, मान्यता दिलेले काउन्सेलर घर वाचवायचा सल्ला फुकट देतात, ताईंनी तिथे फोन करावा आणि मग स्थानिक वकील. न्यू जर्सीत घर जायचं तर कोर्टातून जावं लागतं, म्हणजे कोर्टाचं पत्र येणार, आणि त्यावर उत्तराची मुदत असणार. आपल्या देशी माणसाला ओरिजिनल देऊ नका म्हणावं.

प्रश्न: आम्ही आधीच फसलोय. ९०,००० गेले, माणूस गायब, ऑफिसला कुलूप. आधी पोलीस का? (घाटकोपर)

पैसे काल-परवा ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, तिथे तास मोजले जातात. जुने असतील तर आधी बँक आणि डीआरटीचा वकील, पोलीस त्याच्यानंतर, त्याच दिवशी दुपारी जमलं तरी चालेल. लोक उलटं करतात, रागाने पोलीस स्टेशनच्या आठ फेऱ्या मारतात आणि तेवढ्यात ताबा नोटिसीचे ४५ दिवस निघून जातात. पोलिसांकडे जाताना पावती नसली तरी जा, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप चॅट, त्याचं व्हिजिटिंग कार्ड, स्टिकरचा फोटो, जे असेल ते, चॅट डिलीट करू नका. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही दिली असेल तर ते तक्रारीत लिहा आणि चेकचं पेमेंट स्टॉप करायचं का ते वकिलाला विचारून बँकेला कळवा.

आणि दारावर काही चिकटवलेलं असेल तर फाडायच्या आधी त्याचा फोटो काढा. तारखेसकट.